पांदणीतील सायंकाळ : पक्षिनिरीक्षण व छायाचित्रण

गावातून शिवाराकडे जाणारी पांदण ही ग्रामीण शाळेला लाभलेली विनामूल्य प्रयोगशाळाच होय. दोन्ही बाजूंस बोरी, बाभळी, निवडुंग व घाणेरी यांची दाट कुंपणे, मध्ये गाडीची चाकोरी आणि अधूनमधून एखादा जुना आंबा वा चिंच, एवढ्या अरुंद पट्ट्यात पक्ष्यांना अन्न, आडोसा आणि घरट्यासाठी जागा या तिन्ही गोष्टी एकत्र मिळतात. म्हणूनच उघड्या माळावर बराच वेळ हिंडून जे दिसत नाही, ते पांदणीच्या अर्ध्या किलोमीटरात सहज दृष्टीस पडते.

वेळ व पद्धती

सूर्यास्तापूर्वी सुमारे दीड तास निघावे. दुपारच्या उन्हात सावलीस बसलेले पक्षी या वेळी पुन्हा चरावयास बाहेर पडतात. विद्यार्थी आठ-दहांहून अधिक नसावेत, कपडे मातकट रंगाचे असावेत व बोलणे खुणांनी व्हावे. पन्नास पावले चालावे आणि पाच मिनिटे स्तब्ध उभे राहावे. माणसाच्या चाहुलीने दडलेले पक्षी तो स्थिर झाल्यावर पुन्हा आपल्या उद्योगास लागतात. परतीच्या वेळी विंचू-सापाचे भय असते, म्हणून बॅटरी जवळ असावी आणि काळोख दाटण्यापूर्वी मुले घरी पोहोचतील अशी व्यवस्था ठेवावी.

काय पाहावे

प्रथम दिसतो तो तारेवरचा कोतवाल. तो उडत्या किड्यावर झेप घेऊन पुन्हा त्याच जागी येऊन बसतो. वेडे राघू हेच करतात, परंतु सूर्य कलू लागताच ते एखाद्या झाडावर दाटीवाटीने रात्रीच्या मुक्कामास जमतात. कुंपणाच्या मुळाशी सातभाईंचा थवा पाचोळा उलथीत कलकलाट करतो, तर भारद्वाज गंभीरपणे पावले टाकीत आत नाहीसा होतो. शेतावर एकाच ठिकाणी पंख फडफडवीत अधांतरी थांबलेली कापशी घार दिसल्यास ती उंदीर हेरीत आहे असे समजावे. बगळ्यांच्या रांगा वस्तीच्या झाडांकडे निघाल्या, की दिवसपाळी संपली. मग आंब्याच्या ढोलीतून पिंगळा डोके बाहेर काढतो आणि चाकोरीच्या धुळीत रातवा येऊन बसतो.

पिंगळा अपशकुनी असल्याची समजूत अजूनही काही घरांत आहे. तो किडे व उंदीर खातो, म्हणजे शेतकऱ्याच्या धान्याची राखणच करतो. व्याख्यानाने ही समजूत दूर होत नाही. ढोलीखाली पडलेल्या त्याच्या ओकारीच्या गोळीतील उंदराची हाडे मुलांनी काडीने वेगळी करून पाहिली, म्हणजे ती आपोआप ढळते.

साधने व प्रकाश

दुर्बीण ८×४० मापाची असल्यास उत्तम. यातील ८ हा आकडा वस्तू किती पट जवळ दिसते ते सांगतो, तर ४० हा पुढील भिंगाचा मिलिमीटरमधील व्यास होय. व्यासास पटीने भागले असता येणारा ५ मिलिमीटर हा डोळ्यात शिरणाऱ्या प्रकाशझोताचा व्यास असतो. तो जितका मोठा, तितके संधिप्रकाशात स्पष्ट दिसते.

सायंकाळचे कलते ऊन पक्ष्याच्या अंगावर आडवे पडते व पिसांचे रंग खुलविते. सूर्य आपल्या पाठीशी ठेवावा आणि पक्ष्याचा डोळा रेखीव येईल असे पाहावे. उडत्या पक्ष्यासाठी सेकंदाच्या १/१००० इतके जलद शटर लागते. बसलेल्यास १/२५० पुरते, मात्र कॅमेरा बांधावर अगर काठीवर टेकवावा. कॅमेरा नसल्यास दुर्बिणीच्या नेत्रिकेवर मोबाईल धरून ओळख पटण्याइतके चित्र मिळू शकते. प्रकाश सरला, की छायाचित्रण थांबवावे. निशाचर पक्ष्यांच्या डोळ्यांवर झगझगीत दिवा टाकू नये.

मर्यादा

चित्राच्या लोभाने घरट्याजवळ जाऊ नये. घरट्यापुढील फांद्या बाजूस सारल्यास पिलांना ऊन लागते आणि कावळ्याला वाट सापडते. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून ओरडू लागली, तर जवळच उघड्या जमिनीवर तिची ठिपकेदार अंडी आहेत असे मानून आल्या पावली मागे फिरावे, कारण ती अंडी ढेकळांत ओळखू येत नाहीत व पायाखाली चिरडतात. मोबाईलवर नराचा आवाज वाजवून पक्ष्यास बोलावू नये. प्रतिस्पर्धी आला या समजाने तो चरणे सोडून व्यर्थ धावतो. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये वन्य पक्ष्यांच्या अंड्यांची वा घरट्यांची नासधूस ही शिकारच मानली जाते.

बेचकीवाला विद्यार्थी

प्रत्येक वर्गात खिशात बेचकी बाळगणारा एखादा मुलगा असतो. शिक्षकाने त्याला शिक्षा करून घरी ठेवू नये, तर प्रथम त्यालाच सोबत न्यावे, कारण पक्षी कोठे बसतो हे त्याच्याइतके कोणास ठाऊक नसते. सलीम अली (१८९६–१९८७) यांनी बालपणी छर्‍याच्या बंदुकीने पिवळ्या कंठाची एक चिमणी पाडली. ती कोणती हे विचारण्यास ते मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेले. तेथील सचिव मिलार्ड यांनी पक्षी ओळखून दिला, संग्रहातील इतर पक्षी दाखविले व वाचावयास पुस्तके दिली. त्या भेटीने मुलाच्या जिज्ञासेस वळण मिळाले व पुढे तो भारतातील अग्रगण्य पक्षिशास्त्रज्ञ झाला.

नोंद व उपयोग

फेरीनंतर तारीख, वेळ, हवा, झाड, पक्षी, संख्या व कृती हे रकाने असलेली वही मुलांकडून भरून घ्यावी. नाव न कळल्यास आकार, चोच व शेपटी यांचे वर्णन लिहावे, अंदाजाने नाव देऊ नये. महाराष्ट्रात ५ नोव्हेंबर या मारुती चितमपल्ली यांच्या जन्मदिनापासून १२ नोव्हेंबर या सलीम अली यांच्या जन्मदिनापर्यंत पक्षी सप्ताह पाळला जातो. त्या वेळी ही वही व छायाचित्रे गावापुढे मांडावीत.

अनेक गावी पांदणी रुंद व पक्क्या होत आहेत. शेतमाल वाहून नेण्यास ते आवश्यकही आहे. तथापि रस्त्यासाठी किती झाडे काढावी लागतात आणि किती राखता येतात, हा प्रश्न ग्रामसभेत येतो, तेव्हा कोणत्या आंब्यात पिंगळ्याची ढोली आहे व कोणत्या बाभळीवर सुगरणीची घरटी आहेत, याची लेखी नोंद गावात बहुधा कोणाजवळच नसते. ती शाळेच्या वहीत असल्यास एखादे झाड वाचू शकेल.