वाद्य पोकळ, म्हणूनच कुई

कीर्तन रंगात आलंय, बुवांनी तार षड्ज लावलाय आणि नेमकी तेव्हाच भोंग्यातून कानठळ्या बसवणारी कुई निघते. जळगाव-धुळ्याकडच्या सप्ताहांत, गणपतीच्या मांडवांत हे काही नवं नाही. साउंडवाला मिक्सरकडे धावतो आणि सूत्रसंचालक घाबरून माइकची जाळी मुठीत आवळतो. त्याने कुई आणखीच वाढते. का, ते पुढे येईलच.

या प्रकाराला डेन्मार्कचे भौतिकशास्त्रज्ञ सोरेन लार्सन यांच्या नावाने लार्सन परिणाम म्हणतात. साउंडवाल्यांच्या तोंडी मात्र फीडबॅक. माइकने आवाज घेतला, ॲम्प्लिफायरने वाढवला, स्पीकरने बाहेर टाकला आणि त्यातला थोडा पुन्हा माइकमध्ये शिरला. ही फेरी पुरी करून आलेला स्वर निघतानाच्या स्वराइतका किंवा त्याहून मोठा असला आणि लहरीचा चढ चढावरच पडला, की तो फेरीगणिक फुगत जातो. यंत्रणेची ताकद संपते तिथेच तो थांबतो. हजारो कंपनसंख्यांपैकी ज्या एकीला ही वाट सर्वांत सोपी असते, तीच ओरडते.

गाणाऱ्याच्या माइकमधून बहुधा शिट्टी येते. वाद्य पोकळ असलं की दुखणं वेगळंच, खालच्या पट्टीतलं: आवाज घुमायला लागतो, हूंऽऽ असा, आणि पुढच्या रांगेतल्यांच्या छातीत धडधडतं. कारण इथे एकटा माइकच ऐकत नाही, वाद्याचं अख्खं अंग ऐकत असतं. स्पीकरच्या आवाजाने वरची लाकडी पाटी थरथरते, पाटीवरची घोडी तारा हलवते, तारांचा आवाज पुन्हा स्पीकरमध्ये जातो.

या दुखण्याचा सगळ्यात जुना आणि चिवट रुग्ण म्हणजे आर्चटॉप गिटार. व्हायोलिनसारखी फुगीर कोरलेली पाटी, घोडीच्या दोन बाजूंना एफ अक्षरासारखी भोकं आणि आत नुसती हवा. गिब्सन कंपनीने 1922 मध्ये एल-5 हे मॉडेल आणलं, तेव्हा इतर वाद्यांच्या गोंगाटात गिटार ऐकू जावी हा हेतू होता. 1936 मध्ये त्याच कंपनीने ईएस-150 ला विजेचा पिकअप लावला आणि आवाज मोठा करण्यासाठी घडवलेलं अंगच आवाज मोठा केला की आडवं येऊ लागलं. रिकाम्या बाटलीच्या तोंडावर फुंकर मारली की ती एकच ठरावीक सूर काढते, तसा या गिटारच्या पोटातल्या हवेचाही सूर ठरलेला असतो, साधारण शंभर-सव्वाशे हर्ट्झच्या आसपास. तिथेच ती घुमते.

उपाय मग बरेच निघाले. कुणी पोटात फोम आणि कापड कोंबलं, कुणी भोकांना रबराची बुचं बसवली. गिब्सनने 1958 च्या ईएस-335 मध्ये पोटाच्या मधोमध लाकडाचा भरीव ठोकळाच घातला. बी. बी. किंग यांच्या नावाने 1980 मध्ये निघालेल्या ल्युसिल गिटारला तर भोकंच ठेवली नाहीत. हे सगळे उपाय लागू पडतात, पण प्रत्येकाची किंमत वाद्याच्या आवाजातून वसूल होते. ठोकळ्याची गिटार चांगलीच आहे, फक्त ती आता आर्चटॉप उरलेली नाही.

हे वाद्य आपल्याला परकंही नाही. ब्रिजभूषण काब्रा हिंदुस्थानी राग वाजवत ते गिब्सनच्या आर्चटॉपवरच, आणि विश्वमोहन भट यांची मोहनवीणाही आर्चटॉपवरूनच घडली. तिला वर तरफा आहेत, म्हणजे स्पीकरच्या आवाजाला साद द्यायला आणखी डझनभर तारा टपलेल्याच.

खान्देशातल्या रंगमंचावर मात्र ही अडचण जास्त करून तानपुऱ्याच्या रूपाने येते. जळगावच्या बालगंधर्व संगीत महोत्सवासारख्या मैफलीत गायकामागे दोन तानपुरे असतात, बहुधा मिरजेचे. मिरजेच्या सतार-तानपुऱ्यांना 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्यांचे भोपळे पंढरपूर-मंगळवेढ्याकडून येतात. या भोपळ्यात ना फोम भरता येतो ना ठोकळा घालता येतो. गायकासमोरचे मॉनिटर स्पीकर मात्र कित्येकदा थेट तानपुऱ्याच्या तबलीच्या दिशेने तोंड करून असतात. काळी एकचा षड्ज सुमारे 139 हर्ट्झ, खर्ज 69. घुमण्याला हेच स्वर तयार मिळतात, तारा त्यांच्यावरच लावलेल्या असतात!

आता आवाज घुमला तर दोष कुठे आहे, ते ओळखायची एक सोपी रीत. तानपुऱ्याच्या तारांवर तळहात आडवा ठेवा. घुमणं लगेच थांबलं, तर फेरी तारांतून चालली आहे: वाद्य वळवा किंवा मॉनिटर हलवा. थांबलं नाही, तर भांडण माइक आणि स्पीकरचं आहे.

माइकच्या बाबतीत अंतराइतकं कामाचं दुसरं काही नाही. वाद्यापासूनचं अंतर निम्मं केलं की थेट आवाज साधारण 6 डेसिबलने वाढतो, तेवढा गेन उतरवता येतो. उलट चालू माइक दुप्पट केले की 3 डेसिबलची मोकळीक जाते, म्हणून न लागणारे माइक बंदच हवेत. नेहमीचा कार्डिऑइड माइक पाठीमागून सर्वांत बहिरा, त्यामुळे मॉनिटर त्याच्या बरोबर मागे ठेवावा. पाठीमागचा आवाज गाळण्याचं काम जाळीतल्या मागच्या फटी करतात. सूत्रसंचालकाची मूठ त्याच झाकते आणि माइक चहूकडचं ऐकू लागतो.

यंत्रांचे उपाय यानंतरचे. मान्फ्रेड श्रोडर यांनी 1960 च्या दशकात आवाजाची कंपनसंख्या काही हर्ट्झने सरकवून फेरी जमूच न देण्याची युक्ती सुचवली. भाषणाला ती चालते. पण 139 हर्ट्झचा षड्ज 5 हर्ट्झने सरकला तर अर्ध्या पट्टीहून जास्त फरक पडतो. गवई उठूनच जाईल. घुमणारा स्वर तेवढा कापणारा नॉच फिल्टर बरा, मात्र खान्देशात त्याचीही एक गोम आहे. जानेवारीत दुपारी तापमान 30 अंश आणि रात्री 12 असलं, तर हवेतला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे 349 मीटरवरून 338 वर येतो, म्हणजे 3 टक्के कमी. खुल्या रंगमंचावर दुपारी 200 हर्ट्झला ओरडणारी फेरी रात्री 194 च्या आसपास ओरडू शकते, आणि दुपारी लावलेली अरुंद कात्री भलतीकडेच कापत बसते.

तेव्हा आयोजकांना एवढीच विनंती: साउंडचेक दुपारी उरकू नका. ऊन उतरल्यावर, तानपुरे जुळवून, सगळी वाद्यं आपापल्या जागी मांडून तो करा, आणि साउंडवाल्याला त्यासाठी अर्धा तास शांतता द्या.