प्रयोगशाळेतून बागेकडे

मोठ्या दुखण्यातून उठलेल्या माणसास आपला जुना व्यवसाय पुष्कळदा नकोसा होतो. मोकळी हवा, अंगमेहनत आणि हिरवे शेत यांची त्यास ओढ लागते. ही ओढ स्वाभाविक आहे. परंतु केवळ ओढीने शेती साधत नाही. जपानमधील मासानोबू फुकुओका यांचे चरित्र या दृष्टीने लक्षात घेण्याजोगे आहे.

फुकुओका यांचा जन्म १९१३ साली शिकोकू बेटावरील एहिमे प्रांतात झाला. गिफू येथे कृषिशिक्षण घेतल्यावर १९३४ मध्ये ते योकोहामा बंदराच्या जकात कचेरीत वनस्पती-तपासनीस म्हणून रुजू झाले. देशात येणाऱ्या व देशाबाहेर जाणाऱ्या वनस्पतींवर कीड-रोग आहे की काय हे पाहावे, आणि उरलेल्या वेळात सूक्ष्मदर्शकाखाली वनस्पतींच्या रोगांचा अभ्यास करावा, असा त्यांचा क्रम होता.

अतिश्रमाने त्यांची प्रकृती ढासळली. १९३७ च्या सुमारास तीव्र न्यूमोनियाने त्यांना रुग्णालयात दाखल व्हावे लागले. तेथील एकांतात मृत्यूचे भय त्यांनी अगदी जवळून अनुभवले. शरीर बरे झाले, तथापि मनास स्वास्थ्य लाभेना. अखेर एका पहाटे, बंदरासमोरील टेकडीवर, त्यांच्या मनाचा निश्चय झाला : निसर्गाचे कार्य स्वयंपूर्ण असून मनुष्याची खटपट व्यर्थ होय. लागलीच त्यांनी नोकरीचा राजीनामा दिला, आणि काही काळ भटकंती करून ते वडिलांच्या संत्र्यांच्या बागेत येऊन राहिले.

बागेने दिलेला धडा

खरी परीक्षा येथेच झाली. निसर्गावर सर्व सोपवावे, या विचाराने त्यांनी झाडांची छाटणी बंद केली. ही झाडे वडिलांनी वर्षानुवर्षे छाटून विशिष्ट आकारात वाढविलेली होती. हात थांबताच फांद्या एकमेकींत गुंतल्या, किडीने उचल खाल्ली आणि पाहता पाहता झाडे वाळू लागली. वडिलांच्या कष्टाची बाग मुलाच्या डोळ्यांदेखत गेली.

फुकुओका यांनी ही चूक पुढे उघडपणे मान्य केली. एकदा छाटणीची सवय लागलेले झाड एकाएकी सोडून देणे म्हणजे नैसर्गिक शेती नव्हे, ती केवळ हेळसांड होय, असा निष्कर्ष त्यांनी काढला. दुखणाईत मनुष्यास पहिल्याच दिवशी पूर्ण जेवण वाढीत नाहीत. झाडाचेही तसेच आहे.

पुन्हा शिक्षण, पुन्हा शेत

त्यानंतर त्यांनी काही वर्षे कोची प्रांताच्या कृषी संशोधन केंद्रात कीड व रोग नियंत्रणाचे काम केले. महायुद्ध संपल्यावर मात्र ते कायमचे गावी परतले. तेथे नांगरट व चिखलणी न करता भाताचे बी चिकणमातीच्या गोळ्यांत घालून फेकणे, भातानंतर जव घेणे, पांढऱ्या क्लोव्हरसारखे द्विदल पीक जमिनीवर राखणे, आणि मळणीनंतरचा सर्व पेंढा शेतातच पसरणे, ही पद्धत त्यांनी बसविली. हे एका हंगामाचे काम नव्हते. त्यास अनेक वर्षे लागली. १९७५ मध्ये त्यांनी आपला अनुभव पुस्तकरूपाने मांडला व १९८८ मध्ये त्यांना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. तरुणपणी मृत्यूच्या दारातून परतलेले फुकुओका २००८ साली, वयाच्या ९५ व्या वर्षी निवर्तले.

शेतीकडे वळणाऱ्यांनी काय घ्यावे ?

त्यांची पद्धत जपानच्या पाऊसमानात व जमिनीत घडली. ती येथे जशीच्या तशी उचलणे हितावह नाही. त्यांचा क्रम मात्र घेण्यासारखा आहे. दुखण्यानंतर शेती पत्करू इच्छिणाऱ्याने प्रथम वैद्यांचा सल्ला घ्यावा. दिवसभराच्या कष्टाऐवजी तास-दोन तासांच्या कामाने आरंभ करावा. चालू बागेत नवा प्रयोग करावयाचा झाल्यास तो चार-दोन झाडांवर करून पाहावा व शेजारची झाडे जुन्याच पद्धतीने राखावीत, म्हणजे तुलना करता येईल. जुन्या, जाणत्या शेतकऱ्याचा आणि जवळच्या कृषि विज्ञान केंद्राचा सल्ला घेण्यात कमीपणा मानू नये.

शरीरास पूर्ववत् शक्ती येण्यास जसा काळ लागतो, तसा तो नव्या शेतकऱ्यास जमीन समजण्यासही लागतो. हा काळ देण्याची ज्याची तयारी आहे, त्याने खुशाल शेताची वाट धरावी.