चेक इंजिनचा पिवळा लाईट, कोड पुसणारे आणि गाडीच्या आतली पाच सेकंदं

ज्यांना हेडफोन लावायला वेळ नाही, किंवा ज्यांच्या गावात नेटवर्क एकच कांडी दाखवतं, त्यांच्यासाठी या भागाचं लिहिलेलं रूप. बोलताना जे "म्हणजे", "बघा" आले ते काही ठिकाणी तसेच ठेवले आहेत.

विषय आहे गाडीच्या डॅशबोर्डवरचे लाईट. कल्पना करा, रात्रीचे दहा वाजलेत, तुम्ही कोहमाऱ्याहून गोंदियाला येताय, मुरदोलीचं जंगल लागलंय आणि समोर इंजिनच्या आकाराचा पिवळा लाईट पेटला. थांबायचं की चालवत राहायचं? त्या जंगलात उगाच थांबणं शहाणपणाचं नाही. आणि नको तेव्हा चालवत राहिलात, तर इंजिन खोलायची वेळ येऊ शकते.

आधी रंग बघा. लाल म्हणजे आत्ता थांबा. तेलाच्या किटलीचा लाल लाईट इंजिन चालू असताना पेटला, तर ऑइलचं प्रेशर गेलंय. सुरक्षित जागा बघून लगेच इंजिन बंद करायचं, "पुढच्या ढाब्यापर्यंत जाऊ" म्हणायचं नाही. थर्मामीटरचा लाल लाईट म्हणजे इंजिन तापलंय. तेव्हाही थांबायचं, पण रेडिएटरचं झाकण गरम असताना उघडायचं नाही, उकळतं पाणी थेट तोंडावर येतं. पिवळा लाईट म्हणजे गाडी चालेल, पण दाखवून घ्या. एबीएसचा पिवळा असेल तर साधा ब्रेक लागतो, फक्त जोरात दाबल्यावर चाकं लॉक होऊ शकतात. एअरबॅगचा लाईट सतत पेटलेला असेल तर धडकेच्या वेळी एअरबॅग उघडेलच याची खात्री धरू नका.

चेक इंजिनमध्ये एक मोठा अपवाद आहे. तो स्थिर पेटलाय की लुकलुकतोय हे बघा. स्थिर असेल, गाडी नेहमीसारखी ओढत असेल आणि लाल काही नसेल, तर मुरदोलीत थांबू नका, आरामात घरी या. पेट्रोल गाडीत लुकलुकत असेल तर सहसा एखाद्या सिलिंडरमध्ये पेट्रोल नीट जळत नाहीये, म्हणजे मिसफायर. न जळलेलं पेट्रोल सायलेन्सरच्या लाइनमधल्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन तिथे जळतं, आणि तो भाग भयंकर महाग आहे. अशा वेळी ॲक्सिलरेटर सोडा, वेग कमी करा आणि जमेल तितक्या लवकर बाजूला घ्या.

आता हा लाईट पेटवतो कोण? गाडीत एक छोटा कॉम्प्युटर असतो, ईसीयू. तो सतत सेन्सर वाचत असतो आणि काही गडबड दिसली की कोड लिहून ठेवतो. या व्यवस्थेला ओबीडी म्हणतात. अमेरिकेत १९९६ च्या मॉडेलपासून ओबीडी-२ सक्तीचं झालं, आपल्याकडे एप्रिल २०१३ पासून. मूळ हेतू तुमची सोय हा नव्हता बरं का, धूर आणि प्रदूषणावर नजर ठेवणं हा होता. म्हणून टायर झिजला, क्लच गेला, तर चेक इंजिन गप्प बसतं.

स्टिअरिंगच्या खाली, पायाजवळ, १६ पिनांचं सॉकेट असतं. त्यात ब्लूटूथचं छोटं डोंगल लावलं की मोबाइलवर कोड दिसतो. मला यातली खरी मजा प्रोग्रामर म्हणून येते. मोबाइल गाडीला विचारतो, "०१ ०५", म्हणजे कूलंटचं तापमान सांग. गाडी एक बाइट पाठवते, त्यातून ४० वजा केले की सेल्सिअस. आकडा १३० आला तर तापमान ९० अंश, एकदम ठीक. वेगालाही एकच बाइट, म्हणून या रस्त्याने २५५ च्या वर वेग सांगताच येत नाही. आपल्या रोडवर तेवढ्याची गरजही नाही!

कोडची भाषा सोपी आहे. पी०३०१ घ्या. पी म्हणजे इंजिन-गिअरबॉक्सचा भाग. पुढचं शून्य म्हणजे सगळ्या कंपन्यांना समान असलेला कोड. ३ म्हणजे इग्निशन आणि मिसफायर, आणि शेवटचं ०१ म्हणजे एक नंबरचा सिलिंडर. पण इथेच लोक फसतात. कोड म्हणजे निकाल नव्हे. गोंदिया जंक्शनवर "गाडी दोन तास उशिरा" अशी घोषणा होते, तेव्हा गाडी कुठे आणि का अडली हे त्यात नसतं. तसंच पी०१७१ सांगतो की इंजिनात हवेच्या मानाने पेट्रोल कमी पडतंय. मग मिस्त्री म्हणतो, "भाऊ, ऑक्सिजन सेन्सर गेला, बदलावा लागते." असेलही. पण फाटलेला हवेचा पाइप, मळलेला एअरफ्लो सेन्सर, कमजोर पेट्रोल पंप, यांनीही तोच कोड येतो. आणि आपल्याकडे धानाच्या गोदामाजवळ गाडी लावणाऱ्यांनी बॉनेट उघडून आधी वायरी बघाव्यात. उंदराने कुरतडलेली वायर आणि मेलेला सेन्सर, ईसीयूला दोन्ही बऱ्याचदा सारखेच दिसतात. तेव्हा "कोणता कोड आला, दाखवा" असं विचारायला लाजू नका.

कोडसोबत ईसीयू त्या क्षणाचा फोटोसुद्धा ठेवतो, त्याला फ्रीझ फ्रेम म्हणतात. वेग किती, आरपीएम किती, इंजिन किती गरम होतं, हे त्यात असतं. दोष फक्त थंड इंजिनावर येतो की चढावर, हे त्यावरून कळतं. कोड घाईत पुसला की हा फोटोही जातो.

नव्या डिझेल गाड्यांबद्दल थोडं जास्त बोलतो, कारण हा त्रास आपल्या जिल्ह्यात खूप आहे. बीएस-६ डिझेलमध्ये काजळी अडवणारा फिल्टर असतो, डीपीएफ. साचलेली काजळी जाळायला त्याला भरपूर उष्णता लागते, आणि ती लांबच्या, एकसारख्या वेगाच्या प्रवासात मिळते. माझ्या मामाजींची गाडी घर ते राइस मिल, राइस मिल ते घर. इंजिन नीट गरम व्हायच्या आत प्रवास संपतो. मग डीपीएफचा लाईट येतो आणि ते म्हणतात, "नवी गाडी, अन् आताच बिघडली!" गाडी बिघडलेली नाही, तिला लांब पळायला हवंय. कोहमारा ते देवरी हायवेवर पंधरा-वीस मिनिटं एकसारख्या वेगाने चालवली की बहुतेक वेळा लाईट जातो. नेमकं किती वेगाने, ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं. लाईटकडे महिनाभर दुर्लक्ष केलं तर मात्र काम सर्व्हिस सेंटरला जातं. आणि अशा प्रवासानंतर गाडी तणसावर किंवा वाळल्या गवतावर उभी करू नका, खालचा पाइप आग लावण्याइतका तापलेला असतो.

आता पैशाची गोष्ट. सेकंडहँड गाडी घेताना डॅशबोर्ड स्वच्छ दिसतो, म्हणून आपण खूश होतो. पण कोड पुसायला दहा सेकंद लागतात. विकणारा सकाळी पुसतो, तुम्ही दुपारी बघता. पकडायचं कसं? पहिलं, इंजिन चालू न करता फक्त चावी ऑन करा. चेक इंजिन, एअरबॅग, एबीएस, सगळे लाईट पेटायलाच हवेत. काही सेकंदांत विझतात, किंवा चेक इंजिनसारखा एखादा इंजिन सुरू होईपर्यंत राहतो. एखादा पेटलाच नाही तर बल्ब काढलाय किंवा काहीतरी झाकलंय. दुसरं, डोंगल लावून "रेडिनेस मॉनिटर" बघा. कोड पुसले की गाडीच्या आतल्या तपासण्यांची पाटी कोरी होते आणि बऱ्याच तपासण्या अपूर्ण दिसतात. त्या पूर्ण व्हायला पुष्कळ चालवावी लागते. तिसरं, बऱ्याच गाड्या "कोड पुसल्यापासून किती किलोमीटर" हेही सांगतात. आकडा सहा किलोमीटर आला, तर शांतपणे विचारा, "दादा, काल काय पुसलं?" बॅटरीची वायर काढल्यानेही असं होऊ शकतं, त्यामुळे लगेच चोर ठरवू नका. पण आठ दिवस थांबून, गाडी वापरात असताना पुन्हा तपासायला मागा. खरा विकणारा हो म्हणतो.

लाईट आपोआप गेला तर? ओबीडी-२ मध्ये बरेच दोष लागोपाठ दोन फेऱ्यांत दिसले तरच लाईट लागतो, आणि तीन फेऱ्या नीट गेल्या की विझतो. कोड मात्र त्यानंतरही बरेच दिवस आत राहतो. वाचून घ्या.

शेवटचा भाग सगळ्यात गंभीर. ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात चारोटीजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्री यांची मर्सिडीज दुभाजकाला धडकली. मागे बसलेल्या मिस्त्रींचा आणि आणखी एका प्रवाशाचा मृत्यू झाला. मागच्या दोघांनी सीटबेल्ट लावले नव्हते, असं पोलिसांनी सांगितलं. तपासात कंपनीने गाडीतला डेटा वाचून अहवाल दिला, आणि तेव्हाच्या बातम्यांनुसार त्यात होतं की धडकेच्या पाच सेकंद आधी ब्रेक दाबला गेला, तेव्हा वेग १०० होता आणि धडकेच्या वेळी ८९.

ही पाच सेकंदं येतात कुठून? बऱ्याच गाड्यांत एअरबॅगच्या कॉम्प्युटरमध्ये इव्हेंट डेटा रेकॉर्डर असतो. तो गोल फिरणाऱ्या पाटीसारखा आहे, नवीन लिहितो, जुनं पुसतो. धडक झाली की पुसणं थांबतं आणि शेवटची काही सेकंदं कायम राहतात. वेग, ब्रेक, ॲक्सिलरेटर, सीटबेल्ट लावला होता का, अशा गोष्टी. तो आवाज रेकॉर्ड करत नाही. युरोपात जुलै २०२४ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये तो सक्तीचा आहे. अमेरिकेत २०१५ च्या कायद्याने हा डेटा गाडीच्या मालकाचा मानला जातो. साध्या डोंगलने तो वाचता येत नाही, त्यासाठी वेगळी यंत्रं लागतात.

सिमकार्ड असलेल्या कनेक्टेड गाड्यांचं प्रकरण निराळं. तिथे लोकेशन, वेग, ब्रेकिंग थेट कंपनीच्या सर्व्हरवर जाऊ शकतं, आणि परवानगी तुम्हीच ॲप सुरू करताना "ॲग्री" दाबून दिलेली असते. डोंगलचंही तसंच. स्वस्त डोंगलला पासवर्ड १२३४ असतो, काम झालं की काढून ठेवा, नाहीतर बॅटरीही उतरते. गाडी विकताना ॲपमधून ती काढून टाका आणि म्युझिक सिस्टीममधला आपला फोन डिलीट करा, कारण तुमचे कॉन्टॅक्ट आणि घराचा पत्ता पुढच्या मालकाच्या स्क्रीनवर दिसत राहू शकतात.

बाइकवाल्यांचे मेसेज आलेत. हो, बीएस-६ बाइकलाही तो पिवळा लाईट आहे, पण सॉकेट बहुधा वेगळं असतं आणि कारचं डोंगल थेट बसत नाही. त्यावर पुढच्या भागात बोलू.