हातकुऱ्हाड: लहान हत्याराविषयीचे मोठे गैरसमज

तंबूतील मुक्कामासाठी विकल्या जाणाऱ्या हातकुऱ्हाडीविषयीचे, म्हणजे एका हाताने चालवता येणाऱ्या, साधारण ३० ते ४० सेंटिमीटर दांड्याच्या आणि अर्धा ते पाऊण किलो पात्याच्या कुऱ्हाडीविषयीचे, बहुतेक गैरसमज तिच्या आकारातून निर्माण होतात. ती लहान असल्यामुळे निर्धोक असते, तिला फारशी निगा लागत नाही आणि ती पिशवीत टाकून कोठेही नेता येते, असे गृहीत धरले जाते. यांपैकी एकही गोष्ट खरी नाही.

लांब दांड्याच्या कुऱ्हाडीचा घाव चुकला, तर पाते बहुधा पुढच्या जमिनीत रुतते. आखूड दांड्याचे पाते मात्र जमिनीपर्यंत पोहोचण्याआधीच मारणाऱ्याच्या गुडघ्याकडे किंवा नडगीकडे वळते. त्यामुळे उभ्याने काम करणे टाळून गुडघे टेकून बसावे, समोर जाड ओंडका ठेवावा आणि चुकलेला घाव त्या ओंडक्यातच जिरेल अशी व्यवस्था करावी. बोथट कुऱ्हाड सुरक्षित, ही समजूतही अशीच उलटी आहे, कारण बोथट पाते लाकडात न शिरता त्यावरून घसरते आणि ते घसरून कोठे जाईल याचा अंदाज राहत नाही.

पोलाद जितके कठीण तितके चांगले, असेही मानले जाते. वस्तुतः कुऱ्हाडीला सतत धक्के सोसावे लागतात. फार कठीण धार ठिसूळ होऊन तिचे तुकडे उडतात आणि मऊ धार दुमडते, म्हणून लोहार पात्याला पाणी देतो, म्हणजे तापवलेले पाते बुडवून कठीण करतो आणि पुन्हा बेताने तापवून त्याचा ठिसूळपणा घालवतो. धार लावण्याच्या विजेच्या यंत्रावर हेच पाते घाईने घासले आणि कडेला निळसर झाक आली, तर तेवढ्या भागातले पाणी उतरले असे समजावे. कानस आणि निसणा यांनी काम हळू होते, पण पाते बिघडत नाही. भाईंदरच्या खाऱ्या हवेत साधे पोलाद लवकर गंजते हे खरे. त्यावर तेलाचा पातळ हात पुरतो, आणि केवळ गंजू नये म्हणून चकचकीत, न गंजणाऱ्या पात्याची हौस करण्याचे कारण नाही.

खरी पारख दांड्यात आहे. दांड्याच्या टोकाकडून पाहिल्यास लाकडाच्या रेषा धारेच्या दिशेने धावलेल्या दिसाव्यात. त्या आडव्या असतील तर दांडा घावाच्या झटक्याने मोडू शकतो. आपल्याकडे चिवटपणासाठी धामणाचे आणि बाभळीचे लाकूड या कामी वापरले जाते. दांडा सैल झाला की कुऱ्हाड रात्रभर पाण्यात बुडवून ठेवण्याचा उपाय तर घरोघरी सांगितला जातो, आणि दुसऱ्या दिवशी तो लागू पडल्यासारखा दिसतोही. पण नेढ्यात, म्हणजे दांडा बसवण्याच्या भोकात, फुगलेल्या लाकडाचे तंतू लोखंडावर चिरडले जातात, त्यामुळे वाळल्यावर तोच दांडा पूर्वीपेक्षा अधिक हलतो. नवी पाचर ठोकणे किंवा दांडा बदलणे हाच इलाज आहे.

हातकुऱ्हाड म्हणजे शस्त्र नव्हे, हा समज सर्वांत महागात पडणारा आहे. मीरा-भाईंदरच्या हद्दीला घोडबंदर आणि चेणे यांच्या बाजूने संजय गांधी राष्ट्रीय उद्यान लागून आहे, आणि वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ मधील शस्त्राच्या व्याख्येत प्राण्याला इजा करू शकणारे कोणतेही साधन येते; अशा साधनासह उद्यानात शिरण्यास पूर्वलेखी परवानगी लागते. पश्चिमेला मुर्धा, राई, मोर्वा ओलांडून उत्तनकडे गेले तरी प्रश्न सुटत नाही. खाडीकाठच्या तिवरांना उच्च न्यायालयाच्या २०१८ च्या निकालाचे संरक्षण आहे, महापालिका हद्दीतील झाडे १९७५ च्या वृक्ष संरक्षण कायद्याखाली येतात, आणि वनक्षेत्रात पडलेले वाळके लाकूडही कायद्याने वनउपजच ठरते. शिवाय महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खाली मनाई आदेश लागू असताना इजा करू शकणारी वस्तू सार्वजनिक ठिकाणी बाळगणे हाच गुन्हा ठरू शकतो.

तेव्हा या परिसरात हातकुऱ्हाडीचे रास्त काम उरते ते जागामालकाच्या परवानगीने, वखारीतून आणलेले जळण फोडण्याचे. कोवळ्या फांद्या आणि झावळ्या तोडायला कोयताच सरस. कमरेच्या आकडीत कोयता अडकवून रानात जाणाऱ्या कातकऱ्यांना हे वेगळे सांगावे लागत नाही. बारीक ढलप्या काढताना लाकूड एका हाताने उभे धरून त्यावर घाव घालण्याची पद्धत सर्रास दिसते, आणि बोटे जातात ती त्यातच. त्याऐवजी पात्याची धार लाकडाच्या कडेला टेकवावी, लाकूड आणि कुऱ्हाड दोन्ही एकदमच उचलून ओंडक्यावर आपटावीत, आणि पाते आत शिरल्यावर मनगट किंचित पिळावे. लाकूड रेषेत दुभंगते.