महिला फुटबॉलची मॅच टीव्हीवर दिसणार की नाही, हे नेमकं कोण ठरवतं?

६ फेब्रुवारी २०२२. नवी मुंबईचं डी. वाय. पाटील स्टेडियम. महिलांच्या एएफसी आशियाई कपची फायनल. हाफ टाइमला दक्षिण कोरिया २-० नं पुढं होती. तिथून चीनच्या पोरींनी तीन गोल मारले, त्यातला शेवटचा इंज्युरी टाइममध्ये, आणि कप घेऊन गेल्या.

आशियातली महिला फुटबॉलची सगळ्यात मोठी स्पर्धा महाराष्ट्रात झाली. मॅचेस नवी मुंबई, अंधेरी आणि पुण्यातल्या बालेवाडीत. पण बुलढाणा जिल्ह्यातल्या मेहकर किंवा नांदुऱ्याच्या एखाद्या फुटबॉल खेळणाऱ्या मुलीला ती टीव्हीवर बघायची असती, तर युरोस्पोर्ट हे पैसे भरून घ्यायचं चॅनेल घरी असावं लागत होतं. स्टेडियम चारशेहून जास्त किलोमीटर लांब, आणि चॅनेल पॅकमध्ये नाही. विषय संपला.

असं का होतं? उत्तर आहे प्रसारण हक्क.

स्पर्धेचा मालक असतो आयोजक. वर्ल्डकपचा फिफा, आशियाई कपचा एएफसी. मैदानात कॅमेरे लावून मॅचचं मूळ चित्रण एकदाच तयार होतं. त्याला फीड म्हणतात. हे फीड दाखवायचा परवाना देशादेशाप्रमाणे विकला जातो. टीव्हीचा वेगळा, मोबाइल ॲपचा वेगळा, रेडिओचा वेगळा. भारताचे हक्क ज्यानं घेतले, त्याच्याशिवाय इथं कुणी ती मॅच दाखवू शकत नाही. परदेशातलं ॲप उघडलं की ‘तुमच्या देशात उपलब्ध नाही’ असं येतं, ते याचमुळं.

आता चॅनेल पैसे कशावर मोजतं? जाहिरातींवर आणि वर्गणीवर. महिला फुटबॉलची अडचण इथंच सुरू होते. कित्येक वर्षं महिला वर्ल्डकपचे हक्क पुरुषांच्या वर्ल्डकपसोबत एकाच गठ्ठ्यात विकले गेले. किराणा दुकानात तेलाच्या डब्यावर चमचा फुकट मिळतो ना, तसं. चमच्याची किंमत किती, हे कधी कुणी विचारलंच नाही.

२०२३ च्या ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंड वर्ल्डकपला फिफानं पहिल्यांदा हे हक्क वेगळे काढले आणि किंमत उघडी पडली. फिफाचे अध्यक्ष जियानी इन्फांटिनो यांनी सांगितलं की, पुरुषांच्या वर्ल्डकपला चॅनेलवाले १० ते २० कोटी डॉलर देतात आणि महिलांसाठी १० लाख ते १ कोटी डॉलर पुढं करतायत. प्रेक्षक मात्र पुरुषांच्या निम्मे किंवा त्याहून थोडे जास्त. मे २०२३ मध्ये त्यांनी थेट इशारा दिला. भाव सुधारला नाही, तर ब्रिटन, जर्मनी, फ्रान्स, इटली आणि स्पेनमध्ये मॅच दिसणारच नाही.

चॅनेलवाल्यांचंही एक म्हणणं होतं. मॅचेस युरोपात सकाळच्या वेळी येणार, तेव्हा लोक कामावर. शेवटी जूनमध्ये युरोपियन ब्रॉडकास्टिंग युनियनसोबत करार झाला. जपानचा करार तर स्पर्धेला जेमतेम आठवडा राहिला असताना झाला, आणि जपान म्हणजे एकेकाळचा जगज्जेता देश! घासाघीस दोन्ही बाजूंनी झाली, पण त्यात टांगणीला लागल्या त्या खेळाडू. कारण मॅच दिसली नाही तर प्रायोजक येत नाहीत, आणि प्रायोजक आले नाहीत तर पुढच्या वेळी चॅनेल परत कमी भाव लावतं.

भारतात त्या वर्ल्डकपच्या मॅचेस फॅनकोड ॲपवर आणि डीडी स्पोर्ट्सवर आल्या. सिडनीतली फायनल आपल्याकडं रविवारी दुपारी साडेतीनला होती. म्हणजे चांगलीच सोयीची वेळ.

डीडीचं नाव आलं की एक प्रश्न येतोच. सरकारी चॅनेलवर सगळ्या मोठ्या मॅच फुकट दाखवायचा कायदा आहे ना? आहे. आणि त्याची सुरुवात विदर्भातून झाली. २१ जानेवारी २००७ ला नागपुरात भारत-वेस्ट इंडिज वनडे झाली. हक्क निंबस कंपनीकडं होते आणि दूरदर्शनला लाइव्ह फीड मिळालं नाही. प्रकरण दिल्ली हायकोर्टात गेलं, मग दूरदर्शनला सात मिनिटं उशिरानं दाखवायची मुभा मिळाली. त्यानंतर लगेच अध्यादेश आला आणि २००७ चाच कायदा झाला. खासगी चॅनेलनं राष्ट्रीय महत्त्वाच्या सामन्यांचं फीड प्रसार भारतीला द्यायचं. टीव्हीवरच्या जाहिरातींतून येणाऱ्या पैशातले ७५ टक्के हक्क घेणाऱ्याला, २५ टक्के प्रसार भारतीला.

यात दोन गोम आहेत. एक, राष्ट्रीय महत्त्वाचा सामना कोणता, हे केंद्र सरकार अधिसूचना काढून ठरवतं. यादीत नाव नसेल तर फीड द्यायचं बंधन नाही. दोन, २०१७ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असं घेतलेलं फीड दूरदर्शननं आपल्या अँटेनावर आणि डीडी फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल आणि डीटीएचवर नाही. म्हणून गंमत अशी होते की गावात महिन्याला एक रुपयाही न भरणाऱ्या फ्री डिशवाल्याच्या घरी मॅच लागते आणि पैसे भरणारा केबलवाला डीडी लावून बसला तरी त्याला ती दिसत नाही.

२०२२ मध्येच १७ वर्षांखालील मुलींचा वर्ल्डकप भारतात झाला. फायनल परत नवी मुंबईत, स्पेननं कोलंबियाला १-० नं हरवलं. ती स्पोर्ट्स१८ वर होती. नऊ महिन्यांत एकाच स्टेडियमवर दोन फायनल, आणि चॅनेल दोन वेगवेगळी. बघणाऱ्यानं दरवेळी नवीन चॅनेल शोधायचं.

इकडं भारताच्या पोरी थांबलेल्या नाहीत. आशियाई कप २०२२ मध्ये कोविडमुळं त्यांना एकाच मॅचनंतर बाहेर पडावं लागलं होतं. ५ जुलै २०२५ ला त्यांनी थायलंडमध्ये थायलंडलाच २-१ नं हरवून २०२६ च्या आशियाई कपचं तिकीट काढलं. पात्रता फेरी जिंकून ही जागा मिळवायची ही पहिलीच वेळ.

पुढचा महिला वर्ल्डकप २०२७ मध्ये ब्राझीलमध्ये, जून-जुलैत. अमेरिकेतले त्याचे हक्क नेटफ्लिक्सनं २०२४ मध्येच घेऊन ठेवलेत. ब्राझीलचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेआठ तास मागं आहे. तिथली दुपारी चारची मॅच आपल्याकडं रात्री साडेबाराला, आणि रात्री आठची मॅच पहाटे साडेचारला. त्या वेळेला जाहिरात कोण देणार आणि किती रुपयांना, यावरच ती मॅच बुलढाण्यात कुठल्या चॅनेलवर लागणार ते ठरेल.