फवारणीच्या वेळी ट्रॅक्टरचा क्लच आणि गिअर

बागेत ब्लोअरने फवारणी करूनही फुलकिडे किंवा पिठ्या ढेकूण आटोक्यात आले नाहीत, की संशय प्रथम औषधावर जातो आणि नंतर किडीच्या प्रतिकारक्षमतेवर. असा निष्कर्ष काढण्यापूर्वी ट्रॅक्टर ओळीत शिरतो ते टोक आणि बाहेर पडतो ते टोक यांची तुलना करावी. शिरण्याच्या टोकाकडील पहिल्या काही झाडांवरच कीड अधिक टिकली असेल, तर दोष चालकाच्या डाव्या पायात असण्याची शक्यता मोठी असते.

एकेरी क्लचच्या ट्रॅक्टरमध्ये पेडल दाबताच चाकांबरोबर पी.टी.ओ.ही थांबतो, म्हणजे पंप आणि पंखा दोन्ही मंदावतात. पेडल सोडल्यावर पंख्याला पूर्ण वेग घेण्यास काही अवधी लागतो. ताशी ४ किलोमीटर वेगाने ट्रॅक्टर सेकंदाला एक मीटरहून थोडे अधिक अंतर कापतो. या अवधीत मागे पडलेल्या झाडांच्या आतल्या पानांपर्यंत तुषार पोचत नाहीत. यासाठी ओळीबाहेरील मोकळ्या जागेतच, नोझलचा कॉक बंद ठेवून, ट्रॅक्टर चालू करावा आणि पहिल्या झाडाशी येताच कॉक उघडावा. दुहेरी क्लचमध्ये पेडल अर्धे दाबल्यास केवळ चाके थांबतात, पूर्ण दाबल्यास पी.टी.ओ.ही. ही मधली जागा पायाला कळावी लागते. टाकीत साधे पाणी भरून तिचा सराव करणे उत्तम.

गिअर ओळीत शिरण्यापूर्वीच निवडावा. बहुतेक साध्या ट्रॅक्टरांत चालत्या स्थितीत गिअर बदलणे योग्य नसते. पूर्ण थांबूनच बदलावा. दात बसत नसल्यास जोर न लावता न्यूट्रलमध्ये क्लच एकदा सोडून पुन्हा दाबावा.

हँड थ्रॉटलने पी.टी.ओ. ५४० फेऱ्यांवर स्थिर करावा (त्यासाठी इंजिनाचे फेरे किती हवेत, ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत असते) आणि १०० मीटर अंतरास लागणारा वेळ मोजावा. ९० सेकंद लागल्यास वेग ताशी ४ किलोमीटर, ७२ सेकंद लागल्यास ५. नोझलचा प्रवाह तोच असताना ४ ऐवजी ५ च्या वेगाने गेल्यास हेक्टरी द्रावण २० टक्क्यांनी घटते, ३ च्या वेगाने सुमारे ३३ टक्क्यांनी वाढते. वेग अधिक वाटला तर थ्रॉटल कमी करू नये. तसे केल्यास पंखाही मंदावतो. खालचा गिअर घ्यावा. हीच चूक सर्वांत अधिक होते, आणि ती होते इंधन वाचवण्याच्या सद्‌हेतूने.

अर्धवट दाबलेल्या क्लचवर वेग सांभाळण्याची सवयही सोडवावी. त्यात क्लच प्लेट घासते आणि मात्रा झाडागणिक बदलते. वारंवार अपुरी मात्रा मिळालेल्या किडींतून प्रतिकारक्षम पिढी निवडली जाण्याचा धोका वाढतो; मग औषधावरचा तो पहिला संशयही खरा ठरू लागतो.

बागेत वळताना सुटे ठेवलेले दोन्ही ब्रेक पेडल रस्त्यावर येण्यापूर्वी खिटीने जोडून घ्यावेत, विशेषतः टाकी भरलेली असताना.