वर्गातून बँकेत : एकनाथ ठाकूर

सिंधुदुर्गातल्या ओरोसच्या आसपासची मुलं नोकरीसाठी मुंबई गाठत, तेव्हा बँकेची परीक्षा हा मोठा अडसर असे. सिंधुदुर्गाशी नातं असलेल्या एकनाथ ठाकूर यांनी 'नॅशनल स्कूल ऑफ बँकिंग' काढून नेमकी तीच तयारी करून घेतली. गरज ओळखून शिकवणं विकलं. विपणनाचा धडा तो हाच.

पुढे ते सारस्वत बँकेचे अध्यक्ष झाले. 1918 मध्ये मुंबईत पतसंस्था म्हणून सुरू झालेल्या या बँकेने त्यांच्या काळात मांडवी, मराठा मंदिर, साऊथ इंडियन अशा अडचणीतल्या सहकारी बँका सामावून घेतल्या. धाडसच म्हणायचं, कारण ठेवीदारांसोबत बुडीत कर्जंही येतात.

2002 ते 2008 शिवसेनेचे राज्यसभा सदस्य. निधन 2014.